पूर्व स्टँडचा कॉक

मॅनेजरने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मिस्त्रीला ते खरंच दुरुस्तीचं काम वाटलं. सामना सुरू व्हायला तासभर होता. “पूर्व स्टँडचा मेन कॉक बंद करा,” एवढंच सांगून मॅनेजरने फोन ठेवला. मिस्त्रीने पंपाच्या खोलीत जाऊन कॉकचं लोखंडी चाक घट्ट फिरवलं, मोठा पान्हा खांद्यावर टाकला आणि गळती शोधायला निघाला. स्टँडखालची सगळी पाइपलाइन त्याने हात लावून पाहिली. कुठे ओल नाही, कुठे थेंब नाही. नळांच्या रांगेपाशी आला तर तिथे आधीच पाटी लागलेली: ‘दुरुस्ती चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ पाटी छापील होती, वरून प्लास्टिक चढवलेलं. एका दिवसाच्या दुरुस्तीसाठी कुणी प्लास्टिक चढवत नाही.

“साहेब, गळती कुठेच नाही,” तो ऑफिसात जाऊन म्हणाला.

“मी कुठे म्हटलं गळती आहे?” मॅनेजरने कागदांतून मान वर केली नाही. वयाने तो मिस्त्रीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, शर्टाची इस्त्री कधी न मोडणारा, बोलायला गोड. “खाण्यापिण्याचा ठेका नव्या माणसाने घेतलाय, माहीत आहे ना? चिक्कार पैसे मोजलेत त्याने. आणि गेल्या सामन्याला पूर्व स्टँडमध्ये पाण्याच्या बाटल्या किती खपल्या? सव्वीस. आठ हजार माणसं आणि सव्वीस बाटल्या.”

“तिथे नळ आहेत ना, साहेब. लोक नळाचं पितात.”

“तेच तर.”

मिस्त्रीला कळायला क्षणभर लागला. “म्हणजे माणसांना तहान लागावी म्हणून नळ बंद करायचे?”

“मिस्त्री, तुमचं काम पाइपाचं. बाकीचं डोक्यात घेऊ नका. सामना संपला की उघडायचा. तीन तासांचा तर प्रश्न आहे.”

ते सहा नळ मिस्त्रीने स्वतः बसवले होते, बावीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागला त्याच वर्षी. पश्चिमेच्या स्टँडला छप्पर होतं, गाद्यांच्या खुर्च्या होत्या, वरती काचेच्या खोल्या होत्या. पूर्वेला नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या, वर आभाळ आणि दुपारपासून सूर्य सरळ तोंडावर. सगळ्यात स्वस्त तिकीट तिथलं. त्यामुळे तिथे येणारी माणसं म्हणजे गॅरेजवाले, शिवणकाम करणाऱ्या बाया, सुट्टीच्या दिवशी चार पोरांना घेऊन आलेले बाप. त्यांच्या पिशव्या गेटवरच तपासल्या जायच्या. घरून आणलेलं पाणी, डबे, केळीसुद्धा, सगळं ‘सुरक्षेसाठी’ काढून घेतलं जायचं. केळ्याने कुणाला काय इजा होते ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. आणि आत गेलं की काउंटरवर दरांचा फळा. रस्त्यावर वीसला मिळणारी पाण्याची बाटली दोनशेला. दोन पावांमध्ये काकडीचे चार काप घातलेलं सँडविच साडेतीनशेला. मूठभर वेफर्स दीडशेला. तिकीट ऐंशीचं आणि पाणी दोनशेचं! लोक फळ्याकडे बघायचे, मग पोरांकडे बघायचे, आणि नळ कुठे आहे ते विचारायचे. आता तेवढीही वाट राहिली नव्हती.

मिस्त्री चार दिवस धुमसला. घरी बायकोवर उगाच ओरडला. मग पुढच्या सामन्याला त्याने पुन्हा चाक फिरवलं. पेन्शनला तीन वर्षं राहिली होती. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी फिरवलं असतंच की, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि हे सांगणं दर खेपेला थोडं सोपं होत गेलं. ठेकेदार तर दिलदार निघाला. पांढरे बूट, गॉगल, तोंडात कायम वेलची. तो मिस्त्रीला दर सामन्याला एक कूपन द्यायचा: एक सँडविच, एक थंड बाटली. पहिलं कूपन मिस्त्रीने खिशात ठेवून घरी नेलं आणि फाडून टाकलं. दुसरं त्याने खिशातच ठेवलं. तिसऱ्या सामन्याला भूक लागली होती.

एकदा एका झाडूवाल्याने एका म्हाताऱ्याची दया येऊन कॉक उघडला. झाडूवाला दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही, आणि कॉकच्या चाकाला साखळी आली, साखळीला कुलूप आलं. किल्ली मॅनेजरकडे. चाक मिस्त्रीने फिरवायचं, कुलूप मॅनेजरने लावायचं, अशी वाटणी ठरली. तीन महिने हे सुरळीत चाललं.

मग एका संध्याकाळी त्याच्या ताईचा फोन आला.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, तिनेच पाइपाचं काम शिकायला पाठवलं. ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. आवाज असा की मैदानाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारायला तिला शिट्टी लागायचीच नाही.

“अरे, ऐक ना,” ती खुशीत होती. “आमच्या फुटबॉलच्या मुलींना रविवारच्या मॅचचे पास मिळालेत. फुकट! बत्तीस जणी. पोरी नुसत्या उड्या मारतायत. कधी खरं मैदान पाहिलं नाही रे त्यांनी.”

“कुठल्या स्टँडचे?” मिस्त्रीने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

“पूर्व. का रे? दिसतं ना तिथून नीट?”

“दिसतं. ऊन असतं जरा. टोप्या घालून या.”

“आणि पाण्याचं काय? म्हणतात की बाटल्या आत नेऊ देत नाहीत. आत मिळतं ना?”

इथे बोलायला हवं होतं. फार काही नाही, एक वाक्य. मिस्त्रीच्या जिभेवर ते आलंही होतं. पण ताईला सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि ताईला सगळं सांगायचं म्हणजे काय होईल हे त्याला ठाऊक होतं.

“मिळतं,” तो म्हणाला.

रविवारी सकाळपासूनच ऊन पेटलं होतं. मिस्त्रीने ठरवलं होतं की चाक पूर्ण फिरवायचं नाही, अर्धंच ठेवायचं. नळाला बारीक धार तरी येईल. पण त्या दिवशी मॅनेजरसोबत ठेकेदारही पंपाच्या खोलीत आला. दोन सामने लागोपाठ होते, फुकट पासांमुळे पूर्व स्टँड खच्चून भरणार होतं, आणि असलं ऊन रोज मिळत नाही, असं तो हसत हसत म्हणाला. मिस्त्रीने अर्धं फिरवून हात काढला, तेव्हा ठेकेदारानेच चाक पकडून उरलेलं फिरवलं. “जोर कमी पडतोय, मिस्त्री. वय झालं.” मॅनेजरने कुलूप लावलं.

मग त्याला वाटलं, पाण्याचा एखादा कॅन भरून आपणच वर नेऊ. तेवढ्यात पश्चिमेच्या काचेच्या खोल्यांमधून फोन आला की पाहुण्यांचा फ्लश अडकलाय. तिथे तासभर गेला. तो गुडघ्यावर बसून फ्लशची टाकी उघडत होता आणि दाराबाहेर, बर्फाने भरलेल्या मोठ्या टबात पाण्याच्या बाटल्या तरंगत होत्या. फुकट. पाहुणे दोन घोट पिऊन बाटली तशीच टेबलावर ठेवत होते. काचेपलीकडे, लांब, पूर्वेचं स्टँड उन्हात पांढरं दिसत होतं. माणसं मुंग्यांएवढी. त्यातल्या बत्तीस कुठल्या, ते कळत नव्हतं.

काम संपवून तो पंपाच्या खोलीत परतला तेव्हा पहिला सामना संपत आला होता. खोली गार होती. ताई हुशार आहे, तिने काहीतरी केलंच असेल, असं तो मनाशी म्हणाला. काउंटरवरून कूपनवर आणलेलं सँडविच त्याने उघडलं. भूक सपाटून लागली होती. अर्धं सँडविच संपलं असेल, तेव्हा दार धाडकन उघडलं.

“मिस्त्री कोण आहे इथे?”

दारात ताई उभी होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, गळ्यातली शिट्टी पाठीवर गेलेली. बाहेरच्या उजेडातून आत आल्यामुळे तिला आधी काही दिसलंच नाही. मग दिसलं.

“तू?” ती म्हणाली.

मिस्त्रीच्या एका हातात सँडविच होतं, दुसऱ्यात थंड बाटली. बाटलीवरून पाण्याचे थेंब ओघळत होते.

“अरे, वर नळाला पाणी नाही! तीन तास झाले आम्हाला येऊन. गेटवर पोरींच्या बत्तीस बाटल्या काढून घेतल्या, ढीग केलाय तिथे. नळावर पाटी. काउंटरवर एक बाटली दोनशेला! माझ्याकडे होते तेवढ्यात पाच आल्या. पाच! बत्तीस जणींत झाकणाने वाटलं मी पाणी, औषध पाजतात तसं. आणि आता शिडी पडलीय.”

“कोण पडलं?”

“आमची गोलकीपर रे. उंच आहे म्हणून शिडी म्हणतात तिला. उलट्या झाल्या आणि कोसळली. अंग तापलंय तव्यासारखं आणि घाम नाही. डोळे फिरवतेय. तिला प्रथमोपचाराच्या खोलीत नेलंय, तिथेही नळ कोरडा. तिथला माणूस म्हणतो, पाणी काउंटरवरून विकत आणा! काउंटरवरच्या बाईने हळूच कानात सांगितलं की पाणी मुद्दाम बंद करतात, खाली मिस्त्री असतो त्याला विचारा. तर मी म्हटलं, तू नसशीलच, दुसरा कुणी असेल, त्या मेल्याला...” ती थांबली. तिची नजर सँडविचवरून कॉकच्या साखळीवर गेली, तिथून परत भावाच्या तोंडावर आली. “कोण बंद करतं?”

मिस्त्रीने सँडविच खाली ठेवलं.

“मी विचारतेय. कोण बंद करतं?”

“मी.”

“मिळतं म्हणालास.” ताईचा आवाज एकदम खाली आला. मिस्त्रीने तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. “मी फोनवर विचारलं, आणि मिळतं म्हणालास तू मला. तिची आई सकाळी बसपाशी आली होती. म्हणाली, बाई, उन्हाचं जपा हां तिला. मी म्हटलं, काळजी नको, माझा भाऊच आहे तिथे.”

तिने त्याच्या हातातली बाटली हिसकावून घेतली आणि वळून धावत निघून गेली. एक शब्द जास्त बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिस्त्री उठला. किल्ली आणायला मॅनेजरकडे जायचं म्हणजे अख्खं मैदान ओलांडायचं, आणि तो देईल याची खात्री नाही. त्याने कोपऱ्यातला सगळ्यात मोठा पान्हा उचलला, साखळीच्या कड्यात अडकवला आणि सगळं अंग टाकून पिळला. कडी वाकली, तुटेना. त्याने पुन्हा पिळला. मनगटातून कळ गेली. तिसऱ्यांदा त्याने पान्हा डोक्यावर उचलून सरळ कुलपावरच घातला. मग पुन्हा, मग पुन्हा. किती वेळा घातला त्याला आठवत नाही. एवढंच आठवतं की तो प्रत्येक घावाबरोबर मोठ्याने काहीतरी ओरडत होता, आणि कुलूप तुटल्यावरही दोन घाव त्याने घातले.

चाक फिरवलं. पाइपात हवा खाकरली, मग पाणी धावायला लागलेलं त्याला तळहाताखाली कळलं.

तो वर पोचला तेव्हा नळांभोवती झुंबड उडाली होती. कुणी ओंजळीने पीत होतं, कुणी पोरांची डोकी धारेखाली धरत होतं. ताईच्या मुलींनी रिकाम्या पाच बाटल्या भरल्या होत्या आणि साखळी करून प्रथमोपचाराच्या खोलीपर्यंत हातोहात पोचवत होत्या. रुग्णवाहिका गेटातून आत येत होती. तिच्यात शिडीला चढवताना मिस्त्रीने लांबून पाहिलं. लांबलचक पाय, एका पायातला बूट गळलेला. ताई तिच्यासोबत आत चढली. तिने इकडे पाहिलं नाही.

“कुलूप कुणी तोडलं?”

ठेकेदार गर्दीतून वाट काढत येत होता, मागे मॅनेजर. मॅनेजरच्या शर्टाला पहिल्यांदाच घाम आलेला दिसत होता.

“मी तोडलं,” मिस्त्री म्हणाला.

“तू? अरे, सँडविच खाऊन माजलास का? बंद कर आधी ते! दुसरा सामना अजून व्हायचाय.”

“पोरगी मरायला टेकलीय तिकडे.”

“मग उन्हात कशाला बसवली? फुकट पासवर यायचं, वर पाणीही फुकट पाहिजे. परवडत नसेल तर घरी बसावं, टीव्हीवर बघावं!”

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिन्यांत जे जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं. तो नळांच्या ओट्यावर चढला.

“ऐका!” त्याचा आवाज चिरकला. “ऐका सगळे! हे नळ बिघडलेले नाहीत! कधीच बिघडले नव्हते! ती पाटी खोटी आहे. तुम्ही ह्याच्या दोनशेच्या बाटल्या घ्याव्या म्हणून दर सामन्याला पाणी बंद करतात. साहेबाच्या हुकमाने! आणि बंद कोण करतं? मी! तीन महिने मी बंद करतोय. ह्या हातांनी!”

त्याला वाटलं होतं लोक ठेकेदारावर तुटून पडतील. तसं झालं नाही. मग एक बाई पुढे आली, कडेवर दोन वर्षांचं मूल, आणि मिस्त्रीकडे बघत म्हणाली, “मागल्या महिन्यात माझा सासरा इथेच चक्कर येऊन पडला होता. पाय मोडला त्यांचा. तेव्हाही तूच होतास?”

“हो,” मिस्त्री म्हणाला.

पहिली रिकामी बाटली त्याच्या कानाला लागली. मग आणखी आल्या. त्याने हात वर केले नाहीत, तोंड फिरवलं नाही. बरोबर आहे, असंच त्याला वाटत होतं. नंतर लोक ठेकेदाराकडे वळले तेव्हा तो आणि मॅनेजर गेटापर्यंत पोचलेसुद्धा होते. काउंटरचे फळे मात्र लोकांनी उपटले. दुसरा सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला.

शिडी वाचली. तीन दिवस दवाखान्यात होती, आणि पहिला दिवस तर डॉक्टर काही बोलायलाच तयार नव्हते. चौथ्या दिवशी मिस्त्रीला ऑफिसात बोलावलं गेलं. मॅनेजरसमोर टाइप केलेला कागद होता.

“बसा, मिस्त्री. चहा घेणार?” आवाज पुन्हा गोड झाला होता. “वाचून घ्या. जुना वॉशर निसटून कॉक आपोआप बंद पडला, दुरुस्ती चालू होती, तुम्ही प्रसंगावधान राखून कुलूप तोडलंत. तुमचं कौतुकच केलंय. सही करा. ठेकेदार शेठ त्या सगळ्या मुलींना पुढच्या सामन्याला फुकट सँडविच देणार आहेत.”

“सँडविच.”

“आणि कोल्ड्रिंक.”

मिस्त्रीने कागद पुन्हा वाचला. कुठेतरी पाणी मुरतंय असं लोक म्हणतात. इथे ते कुठे मुरतं ते पाइपासकट त्याला माहीत होतं. “साहेब, वॉशर मी जानेवारीत बदललाय,” तो म्हणाला. “आणि बदललेला माझा वॉशर निसटत नाही.”

“तीन वर्षं राहिलीत तुमची. डोकं शांत ठेवून विचार करा. खरं बोललात तर पहिले तुम्ही अडकाल. चाक तुम्ही फिरवलंय.”

“हो ना. तेच लिहिणार आहे.”

त्याने बाजूचा कोरा कागद ओढला आणि तिथेच लिहायला बसला. त्याला लिहायची सवय नव्हती. दोन पानं व्हायला पाऊण तास लागला. कुठल्या कुठल्या तारखेला कॉक बंद केला, कुणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, कूपनं किती खाल्ली, सगळं लिहिलं. झाडूवाल्याचंही लिहिलं. मॅनेजर दोनदा बाहेर जाऊन फोन करून आला. मिस्त्रीने सही केली, पण कागद त्याच्या हातात दिला नाही. तो खिशात घालून सरळ ताईच्या शाळेत गेला.

ताई मैदानावर होती. त्याने कागद पुढे केला. तिने उभ्या उभ्या वाचला, सावकाश, शेवटपर्यंत.

“ह्याने तुझी नोकरी जाईल,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मी तुला थांबवणार नाही.”

“थांबवू नकोस.”

तिने कागदाची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. “पालकांची तक्रार उद्या जाणार आहे. त्याला हा जोडते.” मग थोडं थांबून म्हणाली, “मला अजून तुझं तोंड बघवत नाही. कूपनं खाल्लीस ना, तिथे माझं मन अडकतंय. हुकूम होता, पोटाचा प्रश्न होता, सगळं समजून घेईन मी. पण ते सँडविच तू चवीने खात होतास रे.”



चौकशी पाच महिने चालली. मिस्त्रीला मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल काढून टाकलं. पेन्शन अर्ध्यावर आली. मॅनेजरची बदली पोहण्याच्या तलावावर झाली. पाणी पुन्हा त्याच्याच ताब्यात. ठेकेदाराला दंड झाला. तो त्याने एका रविवारच्या गल्ल्यातून भरला असेल आणि वर उरलंही असेल. ठेका त्याच्याकडेच राहिला. बाटलीचा दर दोनशेवरून एकशे ऐंशी झाला आणि फळ्यावर ‘खास सवलत’ असं लाल अक्षरांत आलं. एक मात्र झालं. सामना चालू असताना नळ बंद ठेवता येणार नाहीत, असा लेखी हुकूम निघाला. ताईने तो मोठा करून शाळेच्या फळ्यावर लावला.

मिस्त्री आता घरोघरी जाऊन नळांची कामं करायचा. ताई त्याच्याशी बोलायला लागली होती, पण मोजकंच, बायकोच्या तब्येतीचं वगैरे. एक दिवस काउंटरवरच्या त्या बाईचा त्याला फोन आला.

“दादा, नळ चालू आहेत हां,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “पण तुम्ही एकदा येऊन बघा. मला बघवत नाही.”

पुढच्या सामन्याला मिस्त्री पूर्व स्टँडचं तिकीट काढून गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. गेटवर त्याची पिशवी तपासली, पाण्याची बाटली काढून घेतली. आत आल्यावर त्याला दिसलं. नळांच्या ओट्याला अगदी खेटून पॉपकॉर्नची दोन अवजड यंत्रं उभी केली होती. सहांपैकी पाच नळ त्यांच्या मागे गेले होते. सहाव्या नळापुढे चाळीस-पन्नास माणसांची रांग, आणि रांगेला कंटाळलेली माणसं आपोआप काउंटरकडे वळत होती. हुकूम अक्षरशः पाळला होता. नळ बंद नव्हते.

मिस्त्रीला हसू आलं नाही आणि आश्चर्यही वाटलं नाही. राग मात्र पहिल्या दिवसाइतकाच ताजा होता, उलट ह्या खेपेला त्यात स्वतःची लाज मिसळलेली नव्हती. तो पहिल्या यंत्रापाशी गेला आणि खांदा लावला. यंत्र जागचं हललं नाही.

“हात लावा,” तो रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाला.

“काय करताय?”

“मागे पाच नळ आहेत. पाणी आहे त्यांना. हे बाजूला सारायचंय. लावा हात.”

माणसाने आधी मागे डोकावून पाहिलं, मग रांगेकडे वळून हाक मारली. चौघे आले, मग आठ आले.

“थांबा, थांबा!” काउंटरवरची बाई लगबगीने बाहेर आली. मिस्त्रीला वाटलं ही आता अडवणार, हिचीही नोकरी आहे. ती खाली वाकली, भिंतीतला प्लग काढला आणि वायर गुंडाळून यंत्रावर ठेवली. “आता ढकला. वायर अडकून कुणी पडायला नको.”

यंत्र कर्कश आवाज करत फरशीवरून सरकलं. दुसरं सारायला तर पंधरा माणसं आली. कोपऱ्यातून रक्षक धावत आला.

“ए, कुणाच्या परवानगीने चाललंय हे? कोण तुम्ही?”

मिस्त्रीने खिशातून ऐंशीचं तिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं.

“गिऱ्हाईक,” तो म्हणाला, आणि पुन्हा खांदा लावला.